जामीनदार क्रमांक दोन

एका घरातले दोघे एकमेकांपासून काय लपवतात ते शेजाऱ्यांना कळत नाही, सासू-सासऱ्यांना कळत नाही, पोटच्या पोरांनाही कळत नाही. बँकेत खिडकीपलीकडे बसलेल्या बाईला मात्र बरंच कळतं. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नागरी सहकारी बँकेत माझी सगळी नोकरी गेली. आधी बचत खाती, मग सोनेतारण, शेवटी कर्ज विभाग. टेबल बदललं तरी कानावर पडणारं एक वाक्य बदललं नाही, "मॅडम, तेवढं घरी कळू देऊ नका."

बायका म्हणायच्या, "आमच्या मालकांना सांगू नका." पुरुष म्हणायचे, "पत्र घरच्या पत्त्यावर नको, दुकानावर पाठवा." बायका लपवायच्या त्या ठेवी, पुरुष लपवायचे ती कर्जं. अपवाद दोन्हीकडे होते, पण थोडे. हातात पैसा असून तो नवऱ्यापासून लपवावा असं इतक्या बायकांना का वाटतं, आणि डोक्यावर कर्ज असून ते बायकोपासून लपवावं असं इतक्या पुरुषांना का वाटतं, हा प्रश्न नोकरीभर माझ्या मागे लागून होता.

बँकेचा नियम असा की खातेदाराची माहिती तिसऱ्याला द्यायची नाही, आणि खातं संयुक्त नसेल तर बँकेच्या लेखी बायकोही तिसरीच. मी तो नियम पाळला. तो योग्यच आहे असं आजही मानते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिच्या हातून वाण घ्यायचं, तिच्या राहत्या घराच्या उताऱ्यावर आमच्याच बँकेचा बोजा चढलाय आणि तिला त्याचा पत्ता नाही, हे ठाऊक असताना "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणणं फार जड जायचं.

मग नोटाबंदी आली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. ९ तारखेला बँका बंद राहिल्या आणि १० तारखेपासून रांगा लागल्या त्या ३० डिसेंबरपर्यंत. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर आयकर खातं चौकशी करणार नाही, असं सरकारने जाहीर केलं होतं. आमच्या खिडकीसमोर येणाऱ्या बायकांना आयकर खात्याची भीती नव्हतीच. त्यांना मागे उभ्या असलेल्या माणसाची भीती होती.

त्या दिवसांत नोटा बघून त्या घरात कुठे ठेवल्या होत्या ते ओळखू यायला लागलं होतं. तांदळाच्या डब्यातल्या नोटांना बोरिक पावडर लागलेली असायची. मिसळणाच्या डब्याखालच्या नोटांच्या कडा हळदीने पिवळ्या झालेल्या. नऊवारीच्या घडीतून निघालेल्या नोटांना डांबरगोळ्यांचा वास. काही इतक्या बारीक घड्या घातलेल्या की मोजायच्या आधी तळहाताने एकेक सपाट करावी लागे.

एक साठी ओलांडलेलं जोडपं मला विसरता येत नाही. तिने ब्लाउजपीसात बांधलेली पुरचुंडी खिडकीतून आत सरकवली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून भरण्याची स्लिप त्यांनी हातात घेतली होती. मी मोजून सांगितलं, "एकाहत्तर हजार पाचशे." त्यांनी आकडा लिहिला. 'अक्षरी रुपये' या ओळीवर पेन टेकवलं आणि तिथेच थांबले. मग बायकोकडे न बघता मला म्हणाले, "मॅडम, मी दोन वर्षं शेकडा तीननं व्याज भरतोय. पन्नास हजाराचं."

"कुणाचं?" तिने विचारलं.

त्यांनी सावकाराचं नाव सांगितलं. विहिरीवरची मोटार जळाली, पाठोपाठ म्हैस गेली, तेव्हा घेतले होते.

"मला सांगायचं न्हाई?"

"तू सांगितलंस?"

मागची रांग ओरडायला लागली. मी स्लिप ओढून घेतली, अक्षरी रक्कम मीच लिहिली आणि तिचा अंगठा घेतला. पन्नास हजारांना महिना दीड हजार, म्हणजे दोन वर्षांत छत्तीस हजार रुपये नुसत्या व्याजात गेले होते, आणि त्याच छपराखाली एकाहत्तर हजार रुपये तांदळात पुरलेले होते. त्याने लपवलं ते तिला घोर लागू नये म्हणून. तिने साठवलं ते त्याच्या म्हातारपणी दवाखान्याला उपयोगी पडावं म्हणून. दोघांनी एकमेकांच्या काळजीपोटीच केलं. म्हणूनच 'काळजीपोटी लपवलं' या बोलण्यावर तेव्हापासून माझा विश्वास उरला नाही. काळजी खरी असेलही, पण तिच्या नावाखाली त्या घराने छत्तीस हजार रुपये सावकाराच्या दारात नेऊन ओतले.

पण सगळी गुपितं एका तागडीत घालायला मी तयार नाही, त्याला कारण माझी आई.

मी बी.कॉम.ला प्रवेश घेतला तो तिच्या एका पाटलीवर. वडील वाईट नव्हते. मुलीला बारावीपर्यंत शिकवली, आता स्थळं बघायची, एवढाच त्यांचा हिशेब होता आणि त्यांच्या भावकीत सगळ्यांचाच तो होता. आईने एकदा विषय काढला. "काय करायचंय?" असं ते म्हणाले आणि विषय संपला. आमच्या घरात त्यांच्या 'नाही'वर अपील नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवसांत माझी फी भरली गेली. ती मामाने भरली, असं वडिलांना सांगण्यात आलं. खरं म्हणजे आईने दोन पाटल्यांपैकी एक सराफाकडे गहाण टाकली होती आणि तिच्या जागी पितळेची, मुलामा दिलेली पाटली घातली होती. मुलामा उडाला की चिंचेने घासायची. लग्नकार्यात त्या हातावरून पदर ओढून घ्यायची. बचत नव्हतीच, म्हणून लोकांची पोलकी शिवून तिने तीन वर्षांत ती पाटली सोडवली. वडील गेले ते हे न कळताच.

मी आज जी आहे ती त्या लपवाछपवीमुळे आहे. आईने वडिलांशी प्रामाणिक राहायला हवं होतं, असं मला कुणी शिकवायला आलं तर मी ऐकून घेणार नाही. ती पाटली तिची होती. स्त्रीधनावर बायकोचीच मालकी असते, लग्न झालं म्हणून ते नवऱ्याचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. आईला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. तिला एवढंच कळत होतं की विचारलं तर 'नाही' येणार आणि त्या 'नाही'पुढे जायला वाट नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याकडून सगळं खरं मागणं म्हणजे झडतीच. जुलै २०२४ च्या एका निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्यांना सुचवलं आहे की गृहिणीसोबत संयुक्त खातं ठेवा, एटीएम कार्ड तिच्या हाती द्या. मला ते वाचून बरं वाटलं. खात्यावर तिचं नाव आलं की तांदळाच्या डब्याचं काम निम्म्याने कमी होतं.

आता माझ्या घराचं.

हे माध्यमिक शाळेत शिक्षक होते. आमच्या भागात शिक्षकाइतकी मागणी असलेला जामीनदार दुसरा नाही. पगार ठरलेला, नोकरी कायम, वसुली थेट पगारातून करता येते. मी कर्ज विभागात असताना स्वतःच कर्जदारांना सांगायची, "एक जामीनदार पगारदार आणा." तेव्हा ह्यांच्याकडे लोक सह्या मागायला येत असणार हे मला कळत होतं. आमचं ठरलं होतं, कुणालाही जामीन राहायचं नाही. हे ठरवलं होतं दोघांनी मिळून, मुलगा लहान असताना.

२०१८ च्या जूनमध्ये मी रजेवर घरी असताना पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. इचलकरंजीच्या एका पतसंस्थेचं होतं. पाकीट ह्यांच्या नावाचं, पण तसलं पाकीट फोडायला मला वेळ लागत नाही. अशा नोटिसा मी स्वतः लिहिलेल्या आहेत. त्यातली ओळन् ओळ पाठ. 'सदर नोटीस मिळालेपासून १५ दिवसांचे आत', 'अन्यथा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम १०१ अन्वये', सगळं ओळखीचं. वर कर्जदार म्हणून ह्यांच्या मावसभावाचं नाव. जामीनदार क्र. १ कुणी अनोळखी. जामीनदार क्र. २ च्या पुढे ह्यांचं संपूर्ण नाव, शाळेचा पत्ता, आमच्या घराचा पत्ता. मुद्दल चार लाख. थकीत व्याज धरून पाच लाख ऐंशी हजार. कर्जाची तारीख २०१५ ची. म्हणजे ते जोडपं माझ्या खिडकीत उभं होतं तेव्हा ह्यांची सही होऊन वर्ष उलटलं होतं.

मावसभावाचे चार माग होते. आधी नोटाबंदीने सूत-कापडाचा रोखीचा व्यवहार आटला, मग २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि इचलकरंजीत कितीतरी शेड बंद पडल्या. त्यातली एक त्याची. त्याला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

जामीन म्हणजे साक्षीदार, अशी पुष्कळांची समजूत असते. "नुसती सही तर करायची आहे!" तसं नसतं. भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. संस्था थेट जामीनदाराच्या पगाराला हात घालू शकते. हे मी रोज लोकांना समजावून सांगत होते आणि घरी जेवताना ह्यांनाही सांगत होते. त्यामुळे न कळून सही केली, असं नव्हतं.

संध्याकाळी हे आले. मी पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं नाही, पाकिटावरचा शिक्का बघूनच खाली बसले. "का सांगितलं नाहीत?" एवढंच मी विचारलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

ते खरं बोलले. आणि माझ्या वर्मी लागलं ते हेच उत्तर. पैसे किती, भाऊ कोण, माग का बंद पडले, यातलं काहीच नाही. माझं 'नाही' ह्यांना आधीच ऐकू आलं होतं, ते बरोबर असेल हेही कदाचित पटलं होतं, आणि म्हणूनच ते माझ्या तोंडून बाहेर पडू न देता ह्यांनी सही करून टाकली. वैदिक पद्धतीच्या लग्नात नवरामुलगा तीनदा 'नातिचरामि' म्हणतो, म्हणजे तुला डावलून वागणार नाही. धर्माच्या, कामाच्या जोडीला त्यात 'अर्थे च' आहे. त्या रात्री मला पहिल्यांदाच ते आठवलं.

नणंद म्हणाली, "वहिनी, बाई ठेवली नाही, दारूला शिवला नाही, भावाला मदत केली. एवढं काय त्यात?" आत्याने फोनवर सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, चारचौघांत बोलू नकोस. दोघी आपापल्या परीने घर सावरत होत्या. पण मी ज्या यातनेत होते तिचं नाव त्यांना कळलं नव्हतं. बँकेत एखाद्याचं एक खोटं व्हाउचर सापडलं की त्या माणसाची मागची सगळी व्हाउचरं उपसावी लागतात, खरी असली तरी. माझं तसं झालं. मागची तीन वर्षं मी पुन्हा तपासायला घेतली. सांगलीत विश्रामबागला आम्ही फ्लॅट बघून आलो होतो. मला पसंत होता. हे म्हणाले, "थोडं थांबू." मला वाटलं होतं ह्यांचा जीव जुन्या घरात अडकलाय. मावसभावाच्या मुलीच्या लग्नात हे कोपऱ्यात गप्प बसून होते. मला वाटलं होतं दमलेत. बँकेतून येऊन मी थकीत कर्जदारांच्या गोष्टी सांगायची तेव्हा हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. ते प्रसंग माझे होते, माझ्या आठवणीतले. आता त्यातला एकही जसाच्या तसा राहिला नव्हता. घरातल्या माणसाने लपवलं की जे आपण जगलो त्याचाही भरवसा वाटेनासा होतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. मावसभावाने दोन माग भंगारच्या भावाने विकले. उरलेलं ह्यांच्या पगारातून आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेतून फिटलं. फ्लॅट राहिला.

आईचं गुपित मला मान्य आणि नवऱ्याचं नाही, हा पक्षपात तर नव्हे, यावर मी फार विचार केला. वडिलांनीही 'नाही' म्हटलं असतं, किंबहुना म्हटलंच होतं, आणि आईनेही ते बाजूला सारलं. मग फरक कुठे आहे? माझ्यापुरतं मला उत्तर सापडलं ते असं. आईने जे पणाला लावलं ते तिचं स्वतःचं होतं. पाटली बुडाली असती तर वडिलांच्या ताटातला घास कमी होणार नव्हता. ह्यांनी पणाला लावलं ते आमच्या दोघांचं होतं, माझा त्यात अर्धा वाटा होता, आणि मी त्या जुगारात बसले आहे हे मला ठाऊकच नव्हतं. शिवाय ह्यांना माझी भीती बाळगायचं कारण नव्हतं. मी भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता. वडिलांच्या नकारानंतर आईपुढे वाट बंद होती, माझ्या नकारानंतर ह्यांच्यापुढे फक्त एक अवघड संभाषण होतं. ते टाळण्यासाठी तीन वर्षं लपवलं. नवऱ्याच्या मनात काय चाललंय, लग्नाआधी त्याचं कुणावर प्रेम होतं, तो एकटाच बसून का रडतो, हे सगळं त्याने मला सांगितलंच पाहिजे असं मी मानत नाही. तो त्याचा एकांत आहे. पण ज्याचं फळ मला भोगायचं आहे ते मला आधी कळलं पाहिजे.

हल्ली हे आणखी अवघड झालंय असं मला वाटतं. मला सत्य कळलं ते पोस्टमनमुळे. आता रजिस्टर पत्र येतंच असं नाही. कर्ज मोबाईलवरच्या ॲपमध्ये मिळतं, स्टेटमेंट ई-मेलला जातं, तगादा व्हॉट्सॲपवर येतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी तीन आर्थिक वर्षांत पैसे घालवले, माणशी सरासरी सुमारे दोन लाख, सगळे मिळून १.८ लाख कोटींच्या वर. मी तो आकडा वाचला आणि मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की यातल्या किती जणांच्या घरी माहीत असेल? नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तसली मुलं माझ्याकडे वैयक्तिक कर्ज मागायला यायची. कारण 'घरदुरुस्ती' लिहायची आणि विचारलं की मान खाली. हळूच म्हणायची, "मिसेसला माहीत नाही, मॅडम."

मग दुसऱ्या टोकाला फोन तपासणं आहे. माझ्या भाचीच्या पिढीत पासवर्ड एकमेकांना देणं हाच प्रेमाचा दाखला झालाय. नवरा-बायकोने संसारात एकमेकांना जे सांगितलं ते उघड करायला कायदा भाग पाडत नाही. हे संरक्षण १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात आहे, आणि योगायोग असा की त्या कलमाचाही क्रमांक १२८, जामीनदाराच्या कलमाचाच. पण दोघांमध्येच दावा लागला तर ते लागू होत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका खटल्यात बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेली संभाषणं पुरावा म्हणून चालतील, असा निकाल दिला. तसं केल्याने संसारात एकमेकांवर पाळत ठेवणं वाढेल, या युक्तिवादावर न्यायालयाचं म्हणणं पडलं की पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली असेल तर ते नातं आधीच मोडकळीला आल्याचं लक्षण आहे. कोर्टाचं कोर्टापाशी. मला घराचं वाटतं ते एवढंच, की झडतीत सापडलेल्या खऱ्यावर पुन्हा संसार उभा राहत नाही. हे मी अनुभवाने सांगते.

नोटिशीनंतर आठवडाभराने ह्यांनी स्वतःहून आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांचा उतारा, काढून आणला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. स्वच्छ होता. इतका स्वच्छ की ज्या सहीपायी हे सगळं झालं तीही त्यात नव्हती, कारण आमच्याकडच्या पुष्कळ लहान पतसंस्थांची कर्जं त्या रिपोर्टात येतच नसत. मी काही बोलायच्या आत ह्यांनी वहीतला एक फुलस्केप कागद काढला. त्यावर शाळेतल्या त्या वळणदार अक्षरात यादी होती. आजवर जिथे जिथे सही केली ती प्रत्येक जागा, तारीख, रक्कम, कर्ज फिटलं की चालू. मावसभावाशिवाय आणखी तीन. दोन फिटलेली. तिसरं चालू होतं, ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या रिक्षासाठी, साठ हजारांचं, आणि त्याचे हप्ते वेळच्या वेळी जात होते. ती सही मला कधीच सापडली नसती. कर्ज फिटून कागद रद्दीत गेला असता आणि जगात कुणाला कळलं नसतं.

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. माझा राग गेला असं नाही, तो पुढे बरेच दिवस होता. पण रिपोर्ट बघून जे झालं नव्हतं ते त्या रिक्षाच्या ओळीने झालं. सापडण्याची शक्यता नसताना सांगितलेलं ते पहिलं खरं होतं.

कोविडच्या दोन वर्षांत आमच्या बँकेत ज्या बायका आल्या, त्यांना असा कागद मिळाला नाही. हातात मृत्यूचा दाखला आणि आधार कार्ड, डोळे सुजलेले, आणि प्रश्न एकच, "ह्यांचं तुमच्याकडे काय काय होतं?" कुणाच्या नवऱ्याची मुदत ठेव निघाली आणि ती इथेच हमसून रडली. कुणाच्या नवऱ्याची दोन कर्जं निघाली आणि ती काहीच बोलली नाही. दहा वर्षं कुणी विचारायला न आलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. असे बेवारस पैसे शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. माझी खात्री आहे की त्यातल्या पुष्कळ ठेवी कुणीतरी कुणाला तरी 'नंतर सांगू' म्हणून ठेवलेल्या असणार. महाराष्ट्रात शेतकऱ्याने आत्महत्या केली तर मदतीचे एक लाख रुपये मिळायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं हे दाखवावं लागतं. नवरा गेल्यावर दारात येणाऱ्या माणसाकडूनच जिला कर्ज कळतं, तिने ते कागद कुठून आणायचे? 'तिला उगाच घोर नको' म्हणणाऱ्या प्रत्येक पुरुषाने एकदा त्या बाईच्या जागी स्वतःच्या बायकोला उभं करून बघावं.

ह्यांच्या निवृत्तीच्या थोडं आधी शाळेतले एक सहकारी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढत होते. त्यांनी ह्यांच्याकडे सही मागितली. हे म्हणाले, "घरी विचारून सांगतो." सगळी स्टाफरूम हसली, असं ह्यांनीच मला संध्याकाळी सांगितलं. मी त्या सरांना घरी बोलावलं. पगारपत्रक मागितलं, आधीचे हप्ते किती कापले जातात ते बघितलं, निवृत्तीला किती वर्षं आहेत ते विचारलं. सर अवघडले, पण त्यांनी सगळं दाखवलं. ह्यांना वाटत होतं मी नाही म्हणणार. मी हो म्हटलं. मुलगी हुशार होती, हप्ता झेपणारा होता, आणि उद्या बुडालंच तर किती बुडेल हे या वेळी मला आधीच माहीत होतं.

सही ह्यांनी माझ्यासमोर केली. कर्ज अजून चालू आहे. ते सर दर तीन महिन्यांनी खात्याच्या उताऱ्याचा फोटो ह्यांना पाठवतात आणि हे तो मला पाठवतात, मी शेजारच्या खोलीत असले तरी. मी तो प्रत्येक वेळी उघडून बघते.